रक्त कुणाच्या घरचं

बावीस वर्षं मी सोलापुरातल्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. आनुवंशिकतेचा धडा मला झोपेतसुद्धा म्हणता येतो. उंच वाटाणा, बुटका वाटाणा, निम्मं आईकडून, निम्मं वडिलांकडून. कुणी चुकलं की पूर्वी मी खडू फेकून मारायची. आता तसं करता येत नाही म्हणून नुसते डोळे वटारते. आणि एवढं शिकवून, माझ्या थोरल्या बहिणीच्या अंडाशयात गाठ निघाली तेव्हा माझ्या तोंडातून पहिलं वाक्य काय बाहेर पडलं? "आईच्या माहेरी कुणाला होतं का गं असलं?" बायकांचा आजार म्हणजे तो आईकडूनच येणार, असं मी धरूनच चालले होते. डोंबलाचं विज्ञान!

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिला माळशिरसकडं दिली. ऊस, म्हशी, दीर-जावांचा गोतावळा, असं सगळं भरलेलं घर. वर्षभर पोट गच्च वाटतंय म्हणून ती ओवा खात होती. ओव्यानं भागेना म्हणून हिंग, हिंगानं भागेना म्हणून सोडा. शेवटी नेहमीच्या मापाचा परकर बसेना तेव्हा तिच्या मुलीनं तिला गाडीत घालून सोलापूरला आणलं. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली आणि ताई माझ्याच घरी राहायला आली. नवरा माझा बार्शीला नोकरीला, शनिवारचा येतो, मुलगा शिकायला बाहेर, त्यामुळे घरात जागा होती. पंधरा दिवसांत ताईचे सगळे केस गेले. माझ्या मुलाची जुनी क्रिकेटची टोपी घालून ती हॉलमधल्या कॉटवर बसायची आणि तिथून माझं स्वयंपाकघर चालवायची.

"फोडणी देऊ नगं गं, मळमळतंय."

"बरं."

"शेंगाची चटणी कुटं ठेवलीस?"

"मळमळतंय ना तुला?"

"फोडणीनं मळमळतंय. चटणीनं कशाला मळमळंल?"

आई आणि आप्पा, म्हणजे आमचे वडील, आमच्या पलीकडच्याच गल्लीत राहतात. आप्पांनी चादरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं जॉबर म्हणून काम केलं, म्हणजे माग बिघडला की तो ठीक करून द्यायचा. सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत, पण कुठलंही यंत्र घुरघुरलं की ते आधी कान लावतात आणि मग सगळ्यांवर ओरडतात. तपासणीचे कागद आले त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना बोलावलं होतं, तर आप्पा सगळ्यांच्या आधी जाऊन खुर्चीत बसले.

डॉक्टरीणबाई बुटक्या, बोलायला भरभर. त्यांनी ताईचं रक्त आणि गाठीचा तुकडा, दोन्ही तपासायला पाठवलं होतं. त्या म्हणाल्या, "आपल्या शरीरात काही जनुकं अशी असतात की त्यांचं कामच गाठ होऊ न देणं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. ताईंच्या रक्तात त्यातली एक प्रत जन्मापासून बिघडलेली आहे. दुसरी चांगली होती, तिच्यावर इतकी वर्षं निभावलं. पण गाठीत बघितलं तर ती चांगली प्रतही गेलेली आहे."

मी मान हलवली. मला कळलं होतं, पण समजावून सांग म्हटलं असतं तर मी वाटाण्यावर गेले असते. आप्पा पुढं सरकले.

"म्हंजे धागा तुटला तरी माग थांबंना."

"काय म्हणालात?"

"मागाला थांबवणारा खटका असतो बघा. धागा तुटला की माग जागच्या जागी थांबतो. हिला दोन खटकं दिलं होतं. एक आधीच मोडका आला. दुसरा चालता चालता गेला. मग काय, माग आपला वेडंवाकडं विणत सुटला."

डॉक्टरीणबाईंनी ते कागदाच्या कडेला लिहून घेतलं. "आप्पा, हे मी दुसऱ्या पेशंटना सांगितलं तर चालेल ना?"

आप्पा असे फुगले की विचारू नका. इथं लेकीला कॅन्सर झालाय आणि हे आपले मिशीवरून हात फिरवतायत! मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता हा मोडका खटका आला कुणाकडनं ते बघायला हवं," आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आप्पांनी बोट केलं ते सरळ आईकडं.

"हिच्या घरचं."

त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली गेली. डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सख्ख्या बहिणीला असण्याची शक्यता निम्मी. तुम्ही तपासून घ्या. असलं तर अंडाशय वेळेत काढून टाकता येतात, गाठ होण्याची वाट बघायची नाही. आणि ताईंच्या मुलीचीही शक्यता तेवढीच." भाची माझ्या शेजारीच बसली होती. सव्वीस वर्षांची, सोलापुरातच एका बँकेत आहे. मी म्हणाले, "हो हो, घेते की करून." वही आणायची विसरलेली पोरं ज्या सुरात "उद्या आणतो की बाई" म्हणतात, अगदी त्याच सुरात.

तिथंच पलीकडच्या खोलीत एक चुणचुणीत मुलगी आमच्या घराण्याचा तक्ता काढायला बसली होती. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजार झालेल्या बाईचा गोल काळा करायचा. लग्न झालं की चौकोन आणि गोल रेघेनं जोडायचे. पोरीनं मोठ्या उत्साहानं ताईचा गोल काळा केला, माझा कोरा काढला, वर आई-आप्पा काढले.

"आता वडिलांची आई."

"काढा गोल."

"तिला भावंडं?"

"एक भाऊ. तो म्हणजे आईचे वडील."

पोरगी थांबली. "आई म्हणजे आजीची आई?"

"न्हाय ओ. आमची आई. हिचे वडील," असं म्हणून मी आईकडं बोट केलं.

"म्हणजे तुमच्या वडिलांची आई आणि तुमच्या आईचे वडील सख्खे बहीण-भाऊ?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "मामाची पोरगी हाय ही माझ्या. आमच्यात मामाच्या पोरीवर पयला हक्क आपला असतोय."

पोरीनं रेघ ओढायला घेतली. ती रेघ आप्पांकडून वर गेली, आजीपाशी पोचली, तिथून आडवी जाऊन आजोबांपाशी आली, खाली उतरून आईपाशी आली आणि परत आप्पांना येऊन चिकटली. तिनं कागद आडवा केला. मग उलटा केला. मग तिनं दुसरा कागद चिकटवला. शेवटी तिनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे घरात हे दोन्ही बाजूंनी येऊ शकतं?"

"बाजू एकच हाय," आई म्हणाली. "ह्यांना पन्नास वर्षं कळली न्हाय, तुला एका दिवसात कशी कळंल?"

तिथून घरी आल्यावर जे पेटलं ते तीन आठवडे विझलं नाही. आप्पांचं म्हणणं साधं होतं. बायकांचा आजार बायकांकडनंच येणार, पुरुषाला काय अंडाशय असतंय? आईचं म्हणणं त्याहून साधं होतं. "माझ्या घरचं म्हणताय, पर माझं घर म्हंजे तुमच्याच आईचं म्हायेर की. तुमची आई माझी आत्या, मग सासू. नावं ठेवताय कुणाला?" आप्पा म्हणायचे, "ते वेगळं." काय वेगळं ते ते सांगत नसत. मी मध्ये पडून गुणसूत्रं समजावायला गेले, तर दोघंही एकदम माझ्यावर फिरले. ताई टोपी सरळ करून म्हणाली, "भांडा, भांडा. माझी करमणूक होतीया."

आईनं मात्र दुसऱ्याच दिवशी रक्त दिलं. "मला कसली आलीय भीती?" असं म्हणून पदर खोचून गेली आणि येताना गाजरं घेऊन आली. तीन आठवड्यांनी तिचा कागद आला. तिच्यात नव्हतं. दोन्ही खटके शाबूत.

आप्पांनी कागद लांब धरून वाचला, जवळ धरून वाचला. "बाटल्या बदलल्या असतील."

"मग तुमची बाटली देऊन बघा की," आई म्हणाली.

"मी देत न्हाय. पुरुषाचं काय काम तिथं?"

त्या तक्त्यात वरच्या पिढीचे सगळे गोल अजून कोरे होते. कोण कशानं गेलं ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून एका रविवारी भाचीनं गाडी काढली आणि मी, आई, आप्पा अक्कलकोटच्या पुढं, आईच्या माहेरी गेलो. तिथं आईची चुलतकाकू आहे, नव्वदीला टेकलेली. म्हशीशी कन्नड बोलते, आमच्याशी मराठी बोलते आणि रागावली की दोन्ही. आम्हाला बघून तिनं दारातूनच "बर्री, बर्री", म्हणजे या, या, केलं, चहा टाकायला सांगितला आणि मग माझ्या भाचीच्या हातातल्या कागदाकडे बघून म्हणाली, "हे काय, जागेची वाटणी करायला आलाय व्हय?"

आजार कुणाकुणाला होता ते लिहायचंय, असं सांगितल्यावर तिला हुरूप आला. एकेक बाई ती बोटावर मोजायला लागली.

"एक पोटात पाणी होऊन गेली."

भाचीनं लिहिलं.

"एक बाहेरचं लागून गेली. लई वाळली होती, पर पोट तेवढं मोठं."

तेही लिहिलं.

"एक तशीच गेली."

"तशीच म्हणजे कशानं?"

"तशीच म्हंजे तशीच! मेली की. आता मी काय तिच्या पोटात शिरून बघितलं व्हतं?"

भाचीनं लिहिलं, तशीच. तासाभरात बारा बायका झाल्या आणि भाची घाबरून माझ्या कानाशी लागली, "मावशी, अगं एवढ्या?" मी कागद बघितला. मीही परत एकदा मोजल्या. मग आई पुढं झाली आणि एकेका नावाला विचारायला लागली, तेव्हा उलगडा झाला. लग्नात मुलीचं नाव बदलतात ना, तर माहेरच्या नावानं मेलेली लेक एक आणि सासरच्या नावानं मेलेली सून दुसरी, अशा भाचीनं एकाच बाईला दोनदा मारून ठेवलं होतं. शिवाय या घरच्या दोन पोरी याच भावकीत दिलेल्या, त्यामुळे त्या लेकीही होत्या आणि सुनाही. खाडाखोड करून उरल्या सात. त्यातल्या तिघींचं पोट मोठं झालं होतं.

"आणि आमच्या आईचं?" आप्पांनी विचारलं. एवढा वेळ ते उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसले होते, आपला काही संबंध नाही असं दाखवत.

काकू हसायला लागली. तिला ठसका लागेपर्यंत ती हसली. आम्हालाही हसू आलं, कारण पुढचं आम्हाला माहीत होतं. आमच्या घरातला तो सगळ्यात जुना विनोद. आईला ताईच्या वेळेला दिवस गेले होते, तेव्हा आजी पंचेचाळिशीची असेल. आईचं पोट दिसायला लागलं आणि त्याच सुमाराला आजीचंही. गावात बोभाटा झाला, सासू-सुनेला एकदमच दिवस गेले. आजी लाजेनं पाणवठ्यावर जाईना. बायका मुद्दाम दोन खण घेऊन यायच्या, एक सुनेला, एक सासूला. आजी त्यांच्या अंगावर काठी घेऊन धावायची. लग्नाकार्यात हा किस्सा निघाला की पंगत हसून हसून आडवी व्हायची. आप्पा स्वतः तो नकला करून सांगायचे.

"पाय असं सुजलं व्हतं," काकू डोळे पुसत म्हणाली, "पर तिला पोटुशी म्हणून आमी डोहाळं इचारायचो! काय खावंसं वाटतंय गं? ती म्हणायची, घास खाल्ला की पोट भरतंय. आमी म्हणायचो, मुलगाच हाय."

"मग?" भाचीनं विचारलं. तिनं हा किस्सा पुरा कधी ऐकला नव्हता.

"मग काय. ही बाळंत झाली, पोरगी झाली. त्या पोरीला पाचवा महिना लागला आणि हिची सासू गेली."

मी अजून हसतच होते. तोंड तसंच उघडं राहिलं. घास खाल्ला की पोट भरतंय, हे वाक्य मी वर्षभर फोनवर ताईच्या तोंडून ऐकलं होतं. पन्नास वर्षं आम्ही ज्याला हसत होतो ती आजीची गाठ होती. भाचीनं पेन्सिल घेतली आणि तो गोल काळा केला. आईनं तोंडाला पदर लावला. आप्पा उठून गाडीत जाऊन बसले.

अक्कलकोट मागं पडलं. मग आप्पा खिडकीतून बाहेर बघतच म्हणाले, "उपाशीपोटी यायचं असतंय का काय खाऊन चालतंय?"

"कुठं?"

"रक्ताला."

त्यांच्या कागदाला पुन्हा तीन आठवडे लागले. कागद आला तेव्हा आम्ही सगळे माझ्या हॉलमध्ये होतो. त्यांच्यात होतं. आप्पा ताठ बसले. आई नुसती वाट बघत राहिली. पन्नास वर्षं तिनं या क्षणाची वाट बघितली होती म्हणा ना.

"म्हंजे," आप्पांनी घसा साफ केला, "आमच्या आईकडनं आलंय. आमची आई म्हंजे तुझी आत्या. म्हंजे शेवटी तुझ्याच म्हायेरचं."

मी कपाळावर हात मारला. आई म्हणाली, "असंल. पर म्हायेरचं असून माझ्याकडं आलं न्हाय. माझ्या लेकीपत्तोर कुणी आणून पोचवलं?"

आप्पा कागदाची घडी घालत बसले. मग उठून ताईच्या कॉटवर जाऊन टेकले. आमच्या आप्पांनी जन्मात कुणाची माफी मागितलेली मला आठवत नाही.

"पोरी, माझ्याकडनं आलं गं तुला."

"नाकबी तुमच्याकडनंच आलंय," ताई म्हणाली, "त्याचं कधी वाईट वाटून घेतलं न्हाईत ते!"

आप्पा हसले आणि हसता हसता रडायला लागले. ताईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मला ते बघवेना म्हणून मी चहा टाकायला आत गेले आणि चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. तो सगळ्यांनी न बोलता प्यायला.

आता तक्त्यात वरच्या दोन पिढ्या भरल्या होत्या. खाली राहिले दोन कोरे गोल, एक माझा आणि एक भाचीचा. भाची म्हणाली, "आधी मावशी. मावशीचं कळलं की मी." ती माझ्या मागं लपत होती आणि मी शाळेच्या मागं. आधी सराव परीक्षा आल्या. मग पेपर तपासायचे होते. मग स्नेहसंमेलन. मग शाळेची तपासणी. मग एका शनिवारी गेले, तर डॉक्टरीणबाई रजेवर. आमच्या शहरात रक्त घ्यायला दुसरं कुणीच नसतं जणू! पण मी मोठ्या आनंदानं परत आले. घरात कुणी विषय काढला की मी खेकसायची. "सगळ्यांचं मीच धावून धावून केलं ना? मला माझं कळतं!"

एक दिवस सकाळी आमच्याकडं जेवायला आलेले आप्पा भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाले, "तुझ्यापरास मी बरा."

"का?"

"मी देत न्हाय म्हणून तोंडावर सांगितलं तरी. तू देते देते म्हणून तीन महिनं फिरवायला लागलीस. आणि तुझ्यापायी ती पोरगी थांबलीया."

मला असा राग आला! ताट सरकवून उठले. शाळेत जाऊन दोन वर्गांवर विनाकारण ओरडले. आणि तिसऱ्या तासाला फळ्यावर काहीतरी लिहिताना माझ्या लक्षात आलं की राग खरा होता, कारण म्हातारा खरं बोलला होता. मला भीती वाटत होती. ताईच्या अंगाला नळ्या लावलेल्या मी बघितल्या होत्या. तिला उलटी होताना तिची टोपी मी धरली होती. रोज तिचं सगळं करायची आणि रात्री अंथरुणावर पडले की स्वतःचं पोट दाबून बघायची. कळलं नाही तोवर माझ्यात नाही, असा काहीतरी अडाणी हिशोब मी मनात धरून बसले होते. दहावीच्या पोरानं असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला भोपळा दिला असता.

दुसऱ्या दिवशी गेले. आप्पा म्हणाले मी येतो, मी नको म्हटलं, ते आले. रक्त घ्यायला जी बाई आली तिनं मला बघून हातातली सुई खाली ठेवली आणि वाकून नमस्कार केला. माझीच विद्यार्थिनी! विज्ञानात काठावर पास झालेली.

"बाई, मूठ आवळा. घाबरू नका."

"मी कशाला घाबरू?"

"मग माझा हात सोडता का, बाई? मला सुई धरायचीय."

दारात उभे राहिलेले आप्पा खोकल्याचं निमित्त करून हसले. बाहेर आल्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला, मी सात वर्षांची असल्यासारखा, आणि गिलास रिकामा होईपर्यंत समोर उभे राहिले.

पुढचे तीन आठवडे कसे काढले ते माझं मला ठाऊक. मी सगळी तयारी केली. ऑपरेशनला उन्हाळ्याची सुट्टी बरी, हे ठरवलं. नवऱ्याला काय सांगायचं, मुलाला किती सांगायचं, तेही पाठ केलं. धीरानं कसं बोलायचं त्याची आरशासमोर तालीम केली. कागद घ्यायला मात्र एकटी गेले. डॉक्टरीणबाईंनी कागद उघडला आणि म्हणाल्या, "तुमच्यात नाही."

"परत बघा."

"नाही हो. बघितलंय. वडिलांची चांगली प्रत तुमच्याकडे आली. तुमच्या मुलालाही काही धोका नाही याचा."

मला वाटलं होतं मी देवाला हात जोडीन. पण माझी तालीम सगळी वाईट बातमीची झालेली, चांगली बातमी घेऊन काय करायचं तेच मला सुचेना. गाडीवर बसून सात रस्त्याच्या चौकापर्यंत आले आणि सिग्नल सुटला तरी तशीच उभी राहिले. मागच्या रिक्षावाल्यानं शिव्या घातल्या. निम्मी शक्यता म्हणजे दोघींतली एक, असं काही विज्ञान म्हणत नाही. प्रत्येकीचं वेगळं असतं, ते मीच शिकवते. पण त्या चौकात मला वाटलं की आमच्या दोघींत एक काहीतरी द्यायचं होतं आणि ते ताईला दिलं गेलं.

घरी आले तर ताई एकटीच होती. कॉटवर ताट घेऊन गवारी निवडत बसली होती.

"काय झालं? बोल की."

"माझ्यात नाही."

तिनं गवारीची शेंग ताटात ठेवली. डोळे मिटले. "लई ब्येस झालं," ती म्हणाली. "लई म्हंजे लई ब्येस झालं."

आणि मी भोकाड पसरलं. एवढी पन्नाशीला आलेली बाई, चपलासुद्धा न काढता.

"अगं ए, रडतीस काय? न्हाय आलंय ना?"

"तुला आलं आणि मला नाही, ताई."

"मग काय, निम्मं निम्मं वाटून घ्यायचं व्हतं? गप. नाक पूस. दोघी पडलो असतो तर मला चटणी कुणी दिली असती, आप्पांनी?"

मी नाक पुसलं. शेजारी बसून गवारी निवडायला लागले. दोघी शिरा काढत राहिलो. मग ती ताटाकडे बघतच म्हणाली, "आता पोरीला तू घेऊन जा."

"तू पण चल ना. तुझी लेक आहे."

"मी येणार न्हाय."

ताई कुठं यायला नाही म्हणते, हे मी प्रथमच ऐकत होते. लग्न असो, मयत असो, बाजार असो, ती सगळ्यांच्या पुढं. केमोलासुद्धा ती टोपी घालून जत्रेला निघाल्यासारखी जायची, शेजारच्या कॉटवरच्या बायकांना हसवायची. मी तिच्याकडे बघितलं. तिचे हात थांबले होते.

"सहा येळा मला सुया टोचल्या," ती म्हणाली. "मला त्याचं काय वाटलं न्हाय. माझ्या अंगात आलं, मी भोगलं, त्याचंबी न्हाय. पर तिचं रक्त काढताना माझ्यानं उभं ऱ्हावणार न्हाय. माझ्याकडनं गेलं असलं तर मी काय करू गं?"

"निम्मी शक्यता आहे, ताई. निम्मी नसण्याचीपण आहे."

"तुझा धडा ऱ्हाऊ दे."

मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिनं घेऊ दिलं, तेही प्रथमच. ती केवढीशी झाली होती ते मला त्या दिवशी कळलं. जरा वेळानं मी म्हणाले, "सोमवारी नेते तिला. सोमवारी मला दोनच तास आहेत."

ताईनं माझा हात घट्ट धरला.

"सोमवार कशाला? उद्याच ने."

मी तिथंच बसून मुख्याध्यापकांना फोन लावला आणि उद्याची रजा टाकली.